गावापर्यंतची तार कोणाच्या मालकीची असावी?

गोदाकाठ (चर्चाप्रस्ताव)

इंटरनेट सरकारने पुरवावे की कंपन्यांनी, हा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा फार लवकर आटोपते. एकाने 'सरकारी म्हणजे बोजवारा' म्हणायचे, दुसऱ्याने 'खाजगी म्हणजे लूट' म्हणायचे, आणि दोघांनीही आपापल्या घरचे बिल पुरावा म्हणून पुढे करायचे. मला या प्रश्नाची फोड थोडी वेगळी करावीशी वाटते. इंटरनेट सेवा ही एकसंध वस्तू नाही. जमिनीखालून किंवा खांबांवरून जाणारी फायबरची तार हा तिचा एक भाग, तारेच्या टोकांना बसवलेली यंत्रे हा दुसरा, आणि ग्राहकाला जोडणी देणे, बिल पाठवणे, तक्रार निवारणे हा तिसरा. माझे म्हणणे असे की यातला पहिला भाग रस्त्याप्रमाणे सार्वजनिक मालकीचा असावा आणि उरलेल्या दोन भागांत ज्याला धंदा करायचा असेल त्याने सर्वांना सारख्या असलेल्या अटींवर तो खुशाल करावा.

याचे कारण खर्चाच्या स्वरूपात आहे. फायबरची केबल त्या मानाने स्वस्त पडते. पैसा जातो तो चर खणण्यात, रस्ता फोडण्याच्या परवानगीत आणि फोडलेला रस्ता पूर्ववत करून देण्यात. गावात चाळीस घरे असोत वा चारशे, तिथवर पोहोचण्याचा हा खर्च जवळपास तेवढाच येतो. त्यामुळे कोथरूडमध्ये एकाच खांबावर चार-चार पुरवठादारांच्या तारांची जाळी लोंबते आणि अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातल्या अनेक पाड्यांपर्यंत एकही तार जात नाही. यात कंपन्यांचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. जिथे एक तारही परवडत नाही तिथे स्पर्धेसाठी दुसरी तार कोणी टाकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट पैशाची. १ एप्रिल २००२ पासून आपल्या देशात सार्वत्रिक सेवा निधी आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातला, म्हणजे ठरावीक वजावटी करून उरलेल्या महसुलातला, पाच टक्के वाटा त्यात जातो, म्हणजे अंतिमतः तो आपल्या सर्वांच्या बिलातून जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखली जाऊ लागलेली, अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना याच निधीतून उभी राहिली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य शासनाने 'महानेट' या नावाने केले. शहरातल्या ग्राहकाने गावातल्या तारेसाठी पैसे द्यावेत हा करार, तात्पर्य, वीस वर्षांपूर्वीच झालेला आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की त्या पैशांतून जे उभे राहते ते कोणाच्या नावावर राहावे आणि कोणी सांभाळावे. माझ्या मते ते जनतेच्या नावावर राहावे.

एक करदाता

आपली मांडणी नेटकी आहे, परंतु तिच्यातून इतिहास सोयीस्करपणे वगळला गेला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा तारही सरकारची होती, यंत्रेही सरकारची आणि दुकानही सरकारचे. त्या काळी चित्रे दाखवणाऱ्या पूर्ण जोडणीसाठी व्यक्तिगत ग्राहकाला २५० तासांचे १५,००० रुपये मोजावे लागत, आणि त्यावर टेलिफोनचे बिल वेगळे. १९९८ च्या अखेरीस खाजगी पुरवठादारांना परवानगी मिळाली आणि दर घसरू लागले. मोबाइलच्या बाबतीत तर हे आपण सर्वांनीच अनुभवले आहे. सप्टेंबर २०१६ पूर्वी एका जीबीसाठी दोन-अडीचशे रुपये देणे आपल्याला स्वाभाविक वाटत होते. जिओच्या आगमनानंतर तो दर एक आकडी किंवा फार तर दोन आकडी झाला. खेड्यातल्या माणसाच्या हाती इंटरनेट आले ते त्या दिवसापासून. कोणत्याही सरकारी चरातून ते आलेले नाही.

आता खर्चाकडे पाहू. बीएसएनएल आणि एमटीएनएल या सरकारी दूरसंचार कंपन्यांना २०१९ मध्ये सुमारे ६९ हजार कोटी, २०२२ मध्ये १.६४ लाख कोटी आणि २०२३ मध्ये ८९ हजार कोटी रुपयांची पॅकेजे मंजूर झाली. तीन वेळा मिळून ही रक्कम सव्वातीन लाख कोटींच्या आसपास जाते. भारतनेटचे मूळ नियोजन दोन-तीन वर्षांत काम संपवण्याचे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच योजनेच्या सुधारित आवृत्तीसाठी आणखी १.३९ लाख कोटी रुपये मंजूर करावे लागले. खाजगी कंपनीने चुकीच्या जागी तार टाकली तर तिचे भागधारक बुडतात. सरकारने टाकली तर पुढच्या अर्थसंकल्पात तरतूद वाढते. या फरकाला आपल्या प्रस्तावात उत्तर नाही.

मिरजकर

एक करदाता, पॅकेजांचे आकडे आपण बरोबर दिले आहेत, पण ती वेळ का आली हेही त्यांच्या शेजारी लिहायला हवे होते. मी आयुष्यभर याच क्षेत्रात नोकरी केली असल्यामुळे थोडे तपशिलात लिहितो.

मोबाइलची बाजारपेठ सर्वांत वेगाने वाढत होती त्या वर्षांत बीएसएनएलला उपकरणे विकत घेता आली नाहीत. २००६-०७ मधली साडेचार कोटी लाइनची, म्हणजे तेवढ्या मोबाइल जोडण्यांच्या क्षमतेची, निविदा कोर्टकचेरीत आणि मंत्रालयात अडकून अर्ध्यावर आली. पुढची ९.३ कोटी लाइनची निविदा २०१० मध्ये रद्दच झाली. त्याच २०१० साली ३जी आणि वायरलेस ब्रॉडबँडच्या लहरींसाठी (स्पेक्ट्रमसाठी) बीएसएनएलने सुमारे साडेअठरा हजार कोटी रुपये भरले, आणि तेही स्वतः लिलावात न उतरता, इतरांनी ठरवलेल्या भावाने. बँकेत साठवलेला पैसा तिथे संपला. एअरटेलने कोलकात्यात एप्रिल २०१२ मध्ये ४जी सुरू केले. बीएसएनएलला ४जीच्या लहरी देण्याचा निर्णय व्हायला ऑक्टोबर २०१९ उजाडले. मार्च २०२० मध्ये निघालेली ४जीची निविदा चिनी उपकरणांच्या प्रश्नामुळे काही महिन्यांतच रद्द झाली आणि त्यानंतर संपूर्ण देशी बनावटीचेच जाळे उभारायचे ठरले. ते सप्टेंबर २०२५ मध्ये रीतसर सुरू झाले. देशी तंत्रज्ञान उभे राहिले याचा मला मनापासून आनंद आहे, परंतु त्यासाठी लागलेली पाच वर्षे एका कंपनीच्या खात्यावर टाकायची आणि मग तिला तोट्यात असल्याबद्दल नावे ठेवायची, हा न्याय नव्हे.

नक्षलग्रस्त भागांतले मनोरे घ्या. केंद्राच्या पहिल्या योजनेत दहा राज्यांत मिळून २,३४३ मनोरे उभे राहिले, त्यांत गडचिरोलीतलेही होते आणि ते बीएसएनएलने उभारले. डिझेलची गाडी जाळली जाईल या भीतीने जिथे ठेकेदार जायला तयार नव्हते तिथे आमचे लाइनमन गेले आहेत. त्या मनोऱ्यांचा नफातोटा कोणत्या रकान्यात मांडायचा?

एक करदाता

मिरजकर, आपल्या खात्यातील लाइनमनच्या धैर्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु आपण दिलेला प्रत्येक दाखला माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. निविदा रद्द करणारे सरकार, लहरी विकणारे सरकार, धोरण ठरवणारे सरकार आणि कंपनीचा मालकही सरकार. असा मालक आपल्या कंपनीचे पाय बांधणारच, कारण त्याला एकाच वेळी चार घरांची भांडणे मिटवायची असतात. मग 'तार तरी सरकारची असू द्या' या मागणीचा अर्थ तोच मालक पुन्हा आणणे, एवढाच होतो.

रानवाट

आपण सगळे लाखो कोटींत बोलत आहात, म्हणून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीवर काय दिसते ते सांगतो. योजनेचे आणि ठेकेदाराचे नाव मुद्दाम घेत नाही.

आमच्या कार्यालयात कपाटाशेजारी एक पत्र्याची पेटी बसवली आहे. आत फायबर जिथे येऊन संपते ते यंत्र, एक बॅटरी आणि चार्जर. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली तालुक्याला आहे. पहिल्या वर्षी हिरवा दिवा लागत असे आणि ग्रामसेवक दाखले काढत असत. मग पाणीपुरवठ्याच्या जलवाहिनीसाठी जेसीबी आला आणि त्याने रस्त्याकडेची केबल उचकटून काढली. आमची तार तालुक्याहून एका गावातून पुढच्या गावात अशी ओळीने आलेली आहे, त्यामुळे एका ठिकाणी तुटली की त्यापुढची सगळी गावे एकदम अंधारात जातात. दुरुस्तीसाठी माणूस आला. त्याने दोन टोके सांधली आणि तो गेला. पंधरवड्याने दुसऱ्या खात्याने गटारासाठी तोच रस्ता खणला. त्यानंतर आलेला माणूस म्हणाला की त्याचे कंत्राट संपले आहे. दरम्यान कार्यालयाचे वीजबिल थकून मीटर कापला गेला आणि बॅटरी बसली. कागदोपत्री आमचे गाव आजही 'सेवेसाठी सज्ज' या यादीत आहे.

ग्रामसेवक आता दाखले कसे काढतात असे विचाराल तर स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काढतात, आणि तो मोबाइल खाजगी कंपनीचा आहे. रेंज मिळते ती कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर, म्हणून संगणकही तिकडच्या खिडकीत सरकवला आहे.

यावरून मी खाजगीच्या बाजूचा आहे असे मात्र कोणी समजू नये. मेळघाटातल्या हरिसालमध्ये सरकार आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनी मिळून 'डिजिटल गाव' केले होते. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी सभेतल्या पडद्यावर त्या गावाची दुरवस्था दाखवली आणि महाराष्ट्रभर त्याची चर्चा झाली. तिथे तर सरकारही होते आणि जगातली बडी कंपनीही. दोघांनाही उद्घाटनाचा दिवस हवा होता आणि तिसऱ्या वर्षाच्या दुरुस्तीची तरतूद दोघांच्याही कागदात नसावी असे दिसते.

फायबरवाला

मी तालुक्याच्या ठिकाणी केबलचा व्यवसाय करतो. टीव्हीच्या जोडण्या कमी होऊ लागल्यावर इंटरनेटकडे वळलो. रानवाट यांनी लिहिलेले वाचून हसू आले नाही, कारण अशी तुटलेली टोके मी रोज पाहतो.

इथे चर्चा सरकार विरुद्ध मोठी कंपनी अशी चालली आहे. महाराष्ट्रातल्या लहान शहरांत घरापर्यंतची तार बहुतेक वेळा या दोघांपैकी कोणीच टाकत नाही. ती आमच्यासारखा केबलवाला टाकतो. बीएसएनएलची घरगुती फायबर जोडणीसुद्धा अनेक ठिकाणी स्थानिक भागीदारच देतात आणि महसुलातला वाटा घेतात. आमचा माणूस सांधणीचे यंत्र पाठीवरच्या पिशवीत घालून मोटारसायकलवर फिरतो. तार तुटल्याचा फोन आला की आधी तालुक्यातल्या खोलीतून यंत्र लावून किती मीटरवर तुटली ते बघायचे, मग तिथे जाऊन केस इतक्या बारीक काचेची दोन टोके सोलायची, पुसायची, नेमकी कापायची आणि वितळवून जोडायची. पावसात हे काम छत्रीखाली होते. ग्राहक आपल्या ओळखीचा असतो, त्याच्या मुलाची ऑनलाइन परीक्षा असते, आणि संध्याकाळी बाजारात तोच भेटणार असतो, म्हणून दुरुस्ती त्याच दिवशी होते. यात सरकारी-खाजगी असे काही नाही. तोंड दाखवायचे असते म्हणून होते.

आता गोदाकाठ यांच्या प्रस्तावाबद्दल. सार्वजनिक तार भाड्याने मिळाली तर मला हवीच आहे. आज मी विजेच्या खांबांचे भाडे भरतो, नगरपालिकेला रस्ता फोडणीचे पैसे भरतो, आणि एवढे करून वरच्या बाजूने बँडविड्थ, म्हणजे इंटरनेटची घाऊक क्षमता, ज्याच्याकडून घ्यायची तो मोठा पुरवठादारच उद्या माझ्या गल्लीत स्वतःची जोडणी काही महिने फुकट देऊन विकायला उभा राहतो. फुकटाची मुदत संपेपर्यंत लहान माणूस टिकत नाही आणि त्यानंतर दर काय होतात ते ग्राहकाला कळतेच. पण भाड्याची तार घेताना एक अट माझीही असेल. ती तुटली तर किती तासांत जोडून मिळेल, आणि न मिळाल्यास माझे भाडे किती कमी होईल, हे करारात लिहिलेले असावे.

उत्तरायण

मी गेली अनेक वर्षे स्टॉकहोममध्ये राहतो आणि गोदाकाठ जे सुचवत आहेत ते इथे प्रत्यक्ष चालताना पाहतो, म्हणून लिहितो. शहराच्या मालकीची 'स्टोकाब' नावाची कंपनी १९९४ मध्ये, स्वीडनमधला दूरसंचार बाजार खुला होत असतानाच, स्थापन झाली. ती फक्त 'अंधारी' फायबर, म्हणजे टोकांना यंत्रे न बसवलेली तार, भाड्याने देते. सामान्य ग्राहकाला ती इंटरनेट विकत नाही. त्यामुळे तिच्याकडून तार घेणाऱ्या कंपन्यांशी तिची स्पर्धाच नसते. बँका, रुग्णालये, मोबाइल कंपन्या, घरांना सेवा देणारे पुरवठादार असे सगळे तिचे भाडेकरू आहेत. सर्वांना दर सारखे. शहराचा रस्ता वेगवेगळ्या कंपन्यांनी पुन्हा पुन्हा खणू नये हाही तिच्या स्थापनेमागचा एक साधा हेतू होता, आणि पुण्याच्या रस्त्यांची आठवण काढली की मला तोच सर्वांत मोठा वाटतो.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहराच्या वीज कंपनीने थोडा वेगळा मार्ग घेतला. विजेच्या जाळ्यावर देखरेख ठेवण्यासाठी तिला फायबर हवीच होती. केंद्राकडून सुमारे ११ कोटी डॉलरचे अनुदान मिळाले आणि २०१० मध्ये तिने एका गिगाबिटची सेवा घरोघरी देऊ केली, तेव्हा मोठमोठ्या खाजगी कंपन्यांकडेही ती नव्हती. तिच्याकडे खांब होते, शिडीची वाहने होती, बिल पाठवण्याची व्यवस्था होती आणि रात्री बिघाड झाला तर बाहेर पडणारी माणसे होती. खाजगी केबल कंपन्यांनी तिला आधी न्यायालयात खेचले, आणि राज्याच्या कायद्यामुळे तिला आजही आपल्या वीजक्षेत्राबाहेर ही सेवा देता येत नाही. बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्यांनी अशा कायद्यांविषयीही मत द्यावे.

एक करदाता

देतो. असे कायदे मला मान्य नाहीत. नगरपालिकेला आपल्या पैशांनी बुडायचे असेल तर तिला ते स्वातंत्र्य असावे. कारण त्या बुडतातही. त्याच अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो शहराने सुमारे ३.९ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढून शहरभर फायबर टाकली, ती चालवता आली नाही, आणि २०१३ मध्ये ते संपूर्ण जाळे गूगलला एका डॉलरला देऊन टाकले. कर्जाचे हप्ते मात्र नागरिकांच्याच माथी राहिले. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये घरोघरी फायबर नेणारे राष्ट्रीय जाळे जाहीर केले. २०१३ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने अर्ध्या वाटेत ठरवले की शेवटच्या टप्प्यात जुन्या तांब्याच्या तारांवर भागवायचे. तार सार्वजनिक केली म्हणजे तिचा नकाशा दर निवडणुकीला बदलणार, हे मान्य करूनच पुढे जावे.

स्टॉकहोम हे एका श्रीमंत राजधानीचे उदाहरण आहे. तिथे सार्वजनिक तार नसती तरी खाजगी तार आलीच असती.

नोंदवही

एक करदाता यांच्या एका गृहीतकाकडे लक्ष वेधतो. खाजगी बाजार म्हणजे स्पर्धा, असे ते धरून चालले आहेत. २०१६ साली देशात मोबाइल कंपन्यांची गर्दी होती. एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने सेवा आवरली, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या, आणि आज खाजगी कंपन्या तीनच उरल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये या तिन्ही कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. बीएसएनएलने वाढवले नाहीत, आणि पुढचे काही महिने लोक नंबर घेऊन तिकडे गेले. रेंज नाही म्हणून त्यांतले बरेच नाराज झाले असतील, पण जायला एक जागा होती. ज्या कंपनीला आपण पांढरा हत्ती म्हणतो तिचे बाजारात नुसते उभे राहणेही दरांच्या बाबतीत उपयोगी पडते.

सरकारी आणि खाजगी यांतली सीमारेषाही आपण समजतो तितकी ठळक नाही. व्होडाफोन आयडियाकडे लहरींच्या लिलावाची देणी धरून सरकारची जी थकबाकी होती तिचे समभागांत रूपांतर होत होत २०२५ मध्ये त्या कंपनीतला सरकारचा हिस्सा जवळपास ४९ टक्क्यांवर गेला. सर्वांत मोठा भागधारक सरकार असलेली ही कंपनी कोणत्या रकान्यात घालायची?

मालकीपेक्षा नियम महत्त्वाचे, असे माझे मत या सगळ्यातून बनले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली, निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणारी फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना त्यामुळे गुंडाळली गेली, आणि त्यासाठी एक मीटरही तार सरकारला विकत घ्यावी लागली नाही. याच्या उलट, फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनावेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये इंटरनेट बंद झाले तेव्हा खाजगी कंपन्यांनी तो आदेश निमूटपणे पाळला. तार सरकारची झाली तर सरकार ती बंद करेल, ही भीती त्यामुळे निराधार आहे; ते आजही बंद करू शकते.

सह्यकडा

सरकार नको आणि कंपनी नको, तर महाराष्ट्राला ठाऊक असलेला तिसरा मार्ग इथे कोणीच का काढला नाही? १९९८ मध्ये वारणानगरच्या साखर कारखान्याभोवतीच्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे जोडण्याचा प्रकल्प झाला होता. उसाची नोंद, तोडणीची पाळी आणि वजनाचा हिशेब शेतकऱ्याला गावातच मिळावा हा त्याचा उपयोग होता. देशात बहुतेकांनी तोवर इंटरनेट पाहिलेही नव्हते. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या खेड्यांतून शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतांतून चर खणून सामुदायिक मालकीची फायबर टाकली आहे. जे दूध संघ रोज सकाळी-संध्याकाळी गावोगावची गाडी चुकू देत नाहीत ते तारेचीही निगा राखू शकतील.

एक करदाता

राखतीलही. पहिली पाच वर्षे राखतील, मग संचालक मंडळाची निवडणूक येईल.

सह्यकडा

ती तरी सभासदांना करता येते. आपल्या मोबाइल कंपनीच्या संचालक मंडळावर आपण शेवटचे मतदान कधी केले?

गोदाकाठ

प्रतिसाद मोठे आहेत, म्हणून सर्वांना वेगळे उत्तर न देता दोन गोष्टींवर थांबतो.

पहिली मालक आणि धोरणकर्ता एकच असण्याची. एक करदाता यांचा हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच मी स्टोकाबसारख्या, ग्राहकाला सेवा न विकणाऱ्या संस्थेच्या बाजूने आहे. बीएसएनएलला एकाच वेळी तार सांभाळायची होती, मोबाइल विकायचा होता, तोट्यातले मनोरे चालवायचे होते आणि नफाही दाखवायचा होता. केवळ तार सांभाळणाऱ्या संस्थेच्या कामाचे मोजमाप सोपे असते: किती किलोमीटर चालू आहे आणि तुटलेली किती तासांत जोडली. केरळने केएसईबीच्या, म्हणजे राज्य वीज मंडळाच्या, खांबांवरून नेलेले के-फोन जाळे जून २०२३ मध्ये सुरू केले आणि गरीब कुटुंबांना फुकट जोडण्या देण्याचे ठरवले. त्याच्या वेगाविषयी आणि कंत्राटांविषयी तिथे वाद झाले आहेत हे खरे. तरीही खांब, माणसे आणि गावोगावची कार्यालये आधीच असलेल्या खात्याच्या आधाराने तार नेणे हा विचार मला नव्याने चर खणण्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो. आपल्या महावितरणची थकबाकी पाहता इथे कोणी हसेल, याची मला कल्पना आहे.

दुसरी गोष्ट अशी की एक करदाता यांनी अजून मूळ प्रश्नाला हात घातलेला नाही. जिथे कोणत्याही कंपनीला परवडत नाही अशा पाड्यावर त्यांच्या मते काय करावे? तिथल्या लोकांनी वाट पाहावी, एवढेच उत्तर असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

एक करदाता

स्पष्टच लिहितो. तिथे तारच कशाला हवी, हा माझा प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी गडचिरोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांसाठी इरादापत्र केले आहे. उपग्रहाची तबकडी महाग पडते, म्हणून डिजिटल भारत निधीतून शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि ग्रामपंचायत यांना ठरावीक रक्कम द्यावी आणि तबकडी, मनोरा की फायबर हे त्यांनीच निवडावे. सेवा चालू राहिली तर पैसे, बंद पडली तर नाही. सरकारचे काम चेक लिहिण्याचे. चर खणण्याचे नव्हे.

रानवाट

तबकडीलाही वीज लागते. मीटर कापलेल्या कार्यालयात तीही चालणार नाही, आणि मासिक शुल्क ग्रामपंचायतीने भरायचे म्हटले तर वीजबिलाचे जे झाले तेच होईल. शिवाय 'त्यांनीच निवडावे' असे आपण लिहिता. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत कोण निवडते आणि कोणाच्या सांगण्यावरून निवडते हे आपण पाहिलेले दिसत नाही. एक गोष्ट मात्र मला पटते. सेवा चालू तर पैसे, ही अट आमच्या भिंतीवरच्या पेटीला लावली असती तर ती किल्ली तालुक्याला राहिली नसती.

मिरजकर

ती अट काही नवी नाही. भारतनेटच्या २०२३ च्या सुधारित आराखड्यात ओळीने जाणाऱ्या तारेऐवजी वर्तुळाकार जोडणी सांगितली आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहावी. देखभालीची तरतूद दहा वर्षांची आहे आणि कंत्राटदाराचे पैसे तार किती वेळ चालू राहिली याच्याशी बांधलेले आहेत. पहिल्या टप्प्यात बीएसएनएलची जुनी केबलच पुढे वाढवली गेली होती आणि ती मुळात इतक्या भारासाठी नव्हती, हे आता वरच्या पातळीवरही उमगलेले दिसते. फायबरवाला यांच्यासारख्यांनी त्या कामात उपठेकेदार म्हणून यावे असे मला वाटते, कारण त्या गल्ल्या त्यांनाच ठाऊक आहेत.

फायबरवाला

मिरजकर साहेब, बोलावले तर येईन, यापूर्वीही एकदा आलो आहे. तार बंद राहिली की आमचे पैसे कापायचे हे कलम त्या करारातही होते आणि ते मला मान्य होते. पण चालू ठेवलेल्या महिन्यांचे बिल किती दिवसांत मिळेल याचे कलम नव्हते. मुख्य ठेकेदार म्हणत असे की वरून निधी आला नाही, आणि वरचे म्हणत की प्रस्ताव पाठवला आहे. सांधणी करणाऱ्या पोराला मात्र पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो, नाहीतर तो पुण्याला निघून जातो.

लहान उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे असा कायदा २००६ पासून आहे, हे मला माहीत आहे. तक्रार कुठे करायची तेही माहीत आहे. आमच्या तालुक्यात एकाने ती केली. त्याचे पैसे व्याजासकट मिळाले आणि त्यानंतर त्याला कोणी काम दिलेले नाही.